ऑर्डर कोणत्या वारी पूर्ण होईल?

जूनमध्ये दिपालीला नववी ‘ब’मध्ये कुणी ओळखत नव्हतं, आणि नोव्हेंबरात तिला वाटायला लागलं होतं की मोशीच्या चौकात आपला एखादा फ्लेक्स लागायला काही हरकत नाही. हात जोडलेला फोटो, खाली ‘गणितकन्या’, आणि कोपऱ्यात शुभेच्छुक मित्रमंडळींचे गोल गोल चेहरे. फोटो कोणता द्यायचा तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

जूनची दिपाली वेगळीच होती. हजेरीला ती इतक्या हळू ‘हजर’ म्हणायची की सरांनी तिची दोनदा गैरहजेरी लावली. तिसऱ्यांदाही लागली असती, पण शेजारी बसणारी खुशनुमा उभी राहून म्हणाली, “सर, ती हजर आहे. आवाज गैरहजर आहे.” वर्ग हसला. दिपाली बाकाच्या आत शिरता येतं का ते बघत होती.

मग एकदा ऑफ तासाला सरांनी फळ्यावर एक कोडं घातलं, आणि दिपालीच्या तोंडून उत्तर निसटलं. चक्क मोठ्याने. बरोबर निघालं. झालं! तहानलेल्याला नळ सापडावा तसं तिचं झालं. आठ दिवसांत तिने व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला, नाव ठेवलं ‘डोक्याला शॉट’, आणि रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला एक कोडं टाकायला सुरुवात केली. कधी गणिताचं, कधी शब्दांचं. सुरुवातीला ग्रुपात तीन जण होते, त्यातली एक तिची आई. पण दिवाळीपर्यंत सव्वीस झाले. परभणीची मामेबहीण पूनम आली, तिच्या मैत्रिणी आल्या, वर्गातला समर्थ आला. समर्थ कोडी सोडवायला आला नव्हता, चुका काढायला आला होता.

‘अंगभर दात, पण चावत नाही, दिवसभर फिरतो, पण गावाला जात नाही. ओळखा पाहू?’ हे तिचं सगळ्यात गाजलेलं कोडं. उत्तर होतं गिअर. एकोणीस जणांनी कंगवा लिहिलं.

“कंगवा फिरतो का रे?” तिने समर्थला विचारलं.

“माझ्या खिशात दिवसभर फिरतो,” समर्थ म्हणाला.

अशा वातावरणात माणूस बिघडणार नाही तर काय होईल? ऑक्टोबरात एक दिवस, तोंडात चकली असताना, दिपालीने ग्रुपच्या माहितीत नियम लिहून टाकला: ‘अ‍ॅडमिनचं उत्तर चुकलं, तर जो चूक दाखवेल त्याला अ‍ॅडमिनपद. अ‍ॅडमिन स्वतःच्या आवाजात हार कबूल करेल.’ ‘दाखवेल’पुढे तिने तीन हसरे चेहरे टाकले होते. चुकायचा प्रश्नच कुठे होता!

प्रश्न नव्हता, पण भीती होती. ग्रुप झाल्यापासून वर्गातली मुलं तिला ‘ए अ‍ॅडमिन’ म्हणून हाक मारायची, आणि ती हाक आली की तिचा आवाज आपोआप घशातून वर यायचा. अ‍ॅडमिनपद गेलं तर हाक जाईल, हाक गेली तर आवाज जाईल, आणि पुन्हा सर तिची गैरहजेरी लावतील. हे समीकरण तिने इतक्या वेळा मनात सोडवलं होतं की ते खोटं असू शकतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या बुधवारी सात वाजता तिने कोडं टाकलं. स्वतः रचलेलं, अस्सल आपल्या कारखान्यांच्या भागातलं:

‘एका कंपनीला पाचशे पार्टची ऑर्डर आली. रोज पन्नास पार्ट बनतात. सोमवारी सकाळी काम सुरू झालं. कंपनीला आठवड्यातून एक सुट्टी असते, हे विसरू नका हं! तर ऑर्डर कोणत्या वारी पूर्ण होईल?’

पलंगावर मांडी घालून, फोन समोर उशीवर ठेवून ती बसली. मासा गळाला लागायची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा चेहरा करून.

पहिला मेसेज खुशनुमाचा आला. “सुट्टी कोणत्या वारी?”

दिपालीला हसू आवरेना. तिने डोळे फिरवणाऱ्या मांजराचं स्टिकर पाठवलं, आणि वर लिहिलं, “खुशी, हा काय प्रश्न झाला? उद्या विचारशील, सूर्य कोणत्या बाजूला उगवतो.”

“आमच्या गॅरेजला शुक्रवारी असते, म्हणून विचारलं,” खुशनुमाने लिहिलं. तिच्या अब्बांचं, इम्तियाजचाचांचं, मोशीतच दुचाकींचं गॅरेज होतं.

“गॅरेज वेगळं, कंपनी वेगळी,” दिपालीने निकाल दिला.

मग परभणीहून पूनम धावत आली. “बुधवार! दहा दिवस मोजले.”

“सुट्टी विसरलीस,” म्हणत दिपालीने तिला गाढवाचं स्टिकर दिलं.

“मग गुरुवार.”

दिपालीने दुसरं गाढव दिलं. हे जरा मोठं होतं.

पाठोपाठ समर्थने लिहिलं, “गुरुवार.” आणखी चौघांनी लिहिलं, “गुरुवार.” दिपाली एकेकाला गाढव वाटत सुटली. बरोबर साडेसात वाजता तिने जाहीर केलं: “उत्तर आहे शुक्रवार. सगळेच्या सगळे नापास!”

“कसं काय?” समर्थने विचारलं.

“सोमवार, मंगळवार, बुधवार झाले तीन. गुरुवारी कंपनी बंद. शुक्र, शनि, रवि झाले सहा. सोम, मंगळ, बुध झाले नऊ. पुन्हा गुरुवार बंद. दहावा दिवस शुक्रवार. गुरुवारी कंपनी चालू असते का रे कधी?”

पूनमने लिहिलं, “अगं ए, सुट्टी गुरुवारी कुठं असती? रविवारी असती की.”

“नाशिकला माझ्या काकांच्या कंपनीला पण रविवारी,” समर्थने लिहिलं. “अख्ख्या जगात रविवारी असते. कॅलेंडर बघ. लाल रंग कशाला देतात?”

इथे दिपालीच्या बाजूने एक सांगायला हवं. ती जन्मल्यापासून तिच्या घरात सुट्टी गुरुवारी होती. तिच्या पप्पांची, शेजारच्या उद्धवरावांची, खालच्या मजल्यावरच्या सगळ्यांची. गुरुवारी सोसायटीत दुचाकींची रांग धुतली जायची, पुरुषमंडळी बर्म्युडा घालून दळण आणायला जायची. लहानपणी तर तिला वाटायचं की कॅलेंडर छापणाऱ्यांच्या हातून चूक झालीय, लाल रंग तीन घरं पुढे सांडलाय. मोठी झाल्यावर तिला कळलं होतं की विजेचा भार वाटून जावा म्हणून फक्त इथल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी ठेवलीय, पण कळणं डोक्यात राहिलं आणि गुरुवार हाडात. कोडं हाडातून आलं होतं.

तिने माघार घ्यायला हवी होती. पण गणितकन्येचा फ्लेक्स एकदा मनात लागला की उतरवायला क्रेन लागते. “थांबा,” तिने लिहिलं. “कंपनीतल्या माणसालाच विचारते. खुद्द साक्षीदार!”

साक्षीदार बाहेरच्या खोलीत चहात खारी बुडवत बसले होते. ज्योतीराम, म्हणजे तिचे पप्पा, जवळच निघोज्याच्या एका कंपनीत गाड्यांचे पार्ट बनवायच्या मशीनवर होते. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, त्यामुळे संध्याकाळी घरी.

“पप्पा, एक कोडं सांगते. उत्तर ग्रुपवर द्यायचं. रुबाबात द्या.” तिने कोडं वाचून दाखवलं, फोन त्यांच्या तोंडापुढे धरला, आणि माइकचं बटण दाबून ठेवलं.

पप्पांनी खारी संपवली. मग सावकाश म्हणाले, “पाचशेची ऑर्डर, रोजचे पन्नास. बुधवारी संध्याकाळी माल गाडीत.”

“पप्पा! सुट्टी धरा ना. गुरुवारची!”

“ऑर्डर अंगावर असल्यावर कुठला गुरुवार, बाई? ओव्हरटाइमला बोलवतेत. मागचे दोन्ही गुरुवार मी कंपनीतच होतो. उद्या बी हाय.”

“पण... मला कसं माहीत नाही?”

“तू शाळेत असतीस. आन् घरी आलीस की यात.” त्यांनी बोटाने फोन दाखवला. “कसं कळंल लेकराला!”

दिपालीचं बोट बटणावरून उचललं गेलं, आणि सगळी व्हॉइस नोट, खारीच्या कुरकुरीसकट, सव्वीस जणांना गेली. डिलीट करायला अंगठा पोचेपर्यंत पूनमचा मेसेज आला होता.

“म्हणजे माझं पहिलं उत्तर बरोबर होतं! दोन्ही गाढवं परत घे.”

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. दिपालीच्याच गाढवांचा कळप उलटा फिरला. कुणी ज्योतीरामकाकांना अ‍ॅडमिन करा म्हणालं. समर्थने ग्रुपचा नियम कॉपी करून चिकटवला, आणि हसरे चेहरे तीनाऐवजी तीस टाकले. “चूक मी दाखवली. अ‍ॅडमिनपद इकडे दे. आणि आवाज काढ, आवाज!”

दिपाली आतल्या खोलीत जाऊन पलंगावर पडली. उद्या वर्गात काय होईल ते तिला स्पष्ट दिसत होतं. सर हजेरी घेतील, तिच्या घशातून हवा येईल, आणि शेवटच्या बाकापर्यंत सगळे गाढवासारखे ओरडतील.

बचावाला काहीतरी सापडेल म्हणून ती चॅट वर वर सरकवत गेली. ‘एक सुट्टी असते’ असं लिहिलं होतंच की आपण! मग चूक कुठली? ‘गुरुवार’ उत्तर देणारे स्वतःच रविवारची सुट्टी धरून बसले होते, तो रविवार तरी कोड्यात कुठे लिहिला होता? या हिशोबाने समर्थही चूक. व्वा! ती उठून बसली. वकील व्हावं का आपण?

आणि मग कोड्याच्या बरोबर खाली तिला तो मेसेज दिसला. सात वाजून दोन मिनिटं. “सुट्टी कोणत्या वारी?”

त्याखाली डोळे फिरवणारं मांजर.

सव्वीस जणांमध्ये चूक एकीलाच दिसली होती, तीही पहिल्या दोन मिनिटांत. कोडं अर्धवट होतं. उत्तर बुधवार की गुरुवार की शुक्रवार हे भांडणच त्या एका प्रश्नाने मिटलं असतं. आणि इतका गोंधळ चालू असताना खुशनुमाने एक अक्षर लिहिलं नव्हतं. ‘मी आधीच विचारलं होतं’ असं ती म्हणणारही नव्हती.

दिपालीने त्या मेसेजवर अंगठा दाबून धरला. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही पुसता येतो. एवढा पुसला, की समर्थशी वाद घालत बसता येईल, निकाल लागणार नाही, आणि अ‍ॅडमिनपद राहील. डिलीटचा पर्याय वर आला. ‘डिलीट करायचं का?’ फोनने विचारलं. फोनला तरी विचारायची अक्कल होती.

तिला जूनमधला बाक आठवला. सर, ती हजर आहे.

तिने मागे जायचं बटण दाबलं, घसा खाकरला, आणि माइक धरला. पहिल्यांदा नुसती हवा आली. ती नोट तिने पुसली. दुसऱ्यांदा आवाज आला, जरा फाटका, पण आला.

“मी दिपाली बोलतेय. मी हरले. कोडं अर्धवट होतं, कारण मला वाटलं होतं की अख्खी दुनिया आमच्या सोसायटीत राहते. समर्थ, तू खूश होऊ नकोस, तुला चूक दिसलीच नव्हती, तू फक्त वेगळी चूक केलीस. चूक दाखवली खुशनुमाने. सात वाजून दोन मिनिटांनी. वर जाऊन बघा. ती हजर होती, मी मांजर पाठवलं. नियमाप्रमाणे अ‍ॅडमिन ती. पूनम, गाढवं परत घेतली. सगळी मलाच लागतील.”

पाठवून तिने फोन उशीखाली दाबला. पाच मिनिटांनी राहवेना म्हणून काढला. खुशनुमाचा मेसेज होता: “मला काही कोडी बिडी रचता येत नाहीत हां. पण घेते.” खाली समर्थचा: “आवाज बरा आहे.” एवढंच. दिपालीने तो चार वेळा वाचला आणि खोट काढायचा प्रयत्न केला. सापडली नाही.

गुरुवारी वर्गात दोघा-तिघांनी गाढवाचा आवाज काढला. सरांनी हजेरीला नाव घेतलं तेव्हा दिपाली इतक्या जोरात “हजर” म्हणाली की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. समीकरण कुठेतरी चुकलं होतं, पण या वेळी तिने उत्तर पडताळलं नाही.

संध्याकाळी पप्पा ओव्हरटाइम करून आले, बूट काढून चहाला बसले. दिपाली त्यांच्या शेजारी बसली. खारीचा पुडा तिनेच फोडला. सात वाजता फोन वाजला. नव्या अ‍ॅडमिनचं पहिलं कोडं:

‘अब्बांच्या गॅरेजमध्ये तीन मेकॅनिक. एकाला एका गाडीच्या सर्व्हिसिंगला एक तास लागतो. गॅरेज सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दिवसाला गाड्या किती?’

चोवीस! दिपालीच्या बोटांवर उत्तर येऊन उभंच राहिलं. तिने ‘२’ लिहिलासुद्धा. मग पुसला, आणि सगळ्यांच्या आधी लिहिलं, “मधे जेवणाची सुट्टी धरायची का?”

लगेच उत्तर आलं. डोळे फिरवणारं मांजर. तेच, कालचं.

त्याखाली खुशनुमाने लिहिलं, “धरायची. शाब्बास.”

“काय विचारलंस गं?” पप्पांनी विचारलं. तिने वाचून दाखवलं.

“चहाची बी धर म्हणावं,” ते म्हणाले, आणि कप तिच्यापुढे सरकवला.