तळोज्याचा रिलीफ व्हॉल्व्ह सांगतो

मी बोलतोय तो टेबलाच्या खालच्या खणातून. वर गंजलेले पाने पडलेत, बाजूला एक फुटका चष्मा आहे. सात महिने झाले, खण कुणी उघडलेला नाही.

मी रिलीफ व्हॉल्व्ह. तळोज्याच्या एका छोट्या कारखान्यात पत्रा वाकवणारा हायड्रॉलिक प्रेस आहे, त्यावर मी अकरा वर्षं काढली. पंप तेल ढकलतो, तेल सिलिंडरला रेटतं आणि सिलिंडर पत्र्याला वाकवतो. पण त्या तेलाला वाट दाखवायला, आवरायला आम्ही व्हॉल्व्ह लागतो.

आम्ही चौघं होतो. डायरेक्शन व्हॉल्व्ह म्हणजे मोठा मिजाशीचा. तेल या बाजूने सोडलं की दट्ट्या खाली, त्या बाजूने सोडलं की वर. दिवसभर खटक-खटक, आणि सगळी माणसं त्याच्याच दांड्याशी. फ्लो कंट्रोल तेलाची वाट कमी-जास्त उघडून वेग ठरवायचा. चेक व्हॉल्व्ह एकमार्गी. तेलाला जाऊ देईल, माघारी मुळीच येऊ देणार नाही.

आणि मी? काम ना धाम. माझ्या पोटात एक स्प्रिंग, तिने एक टोकदार सुळका भोकावर दाबून धरलेला. दाब दीडशेच्या वर गेला की तेल त्या सुळक्याला उचलणार आणि माझ्यातून परत टाकीत पडणार. एरवी मी बंद. सगळं सुरळीत असलं की माझी कुणाला आठवण नाही. बाकीचे तिघं मला आयतोबा म्हणायचे. म्हणोत बापडे.

मला ओळखणारा माणूस एकच, हौसेराव. साताऱ्याकडचे, वयाने सत्तावन्न, प्रेस त्यांच्याच हाताखाली. माझा स्क्रू फिरवून ते दाब लावायचे तेव्हा पाहण्यासारखं असायचं. आधी स्क्रू पूर्ण सैल, मग पाव-पाव फेरा आवळायचा, डोळा दाब दाखवणाऱ्या काट्यावर. दीडशेला काटा थांबला की वरचा नट घट्ट. मग माझ्यावर बोट टेकवून म्हणायचे, "तू हायस म्हणून मी हितं उभा ऱ्हातो बाबा." अकरा वर्षांत माझ्याशी बोललेला तेवढाच माणूस.

मालक प्रीतम, खाडीकाठच्या करावे गावचा. त्याची आई मालतीबाई दर खंडेनवमीला पूजेला यायच्या. गावात त्यांनी होडीची पूजा केलेली, तशीच इथे मशीनची. झेंडू, नारळ, हळदकुंकू, पेढे. बाई मायाळू. कामगारांच्या आधी मशीनला पेढा दाखवायच्या.

गेल्या खंडेनवमीला त्यांनी तेलाच्या टाकीचं झाकण काढलं आणि चिमूटभर कुंकू आत सोडलं.

"आई, आत कशाला?" प्रीतम म्हणाला.

"वरवर लावून काय व्हतं? पोटान गेल्याशिवाय पूजा पोचत नाय."

हौसेराव तेव्हा पेढे वाटत होते. त्यांनी पाहिलं असतं तर तिथेच अडवलं असतं. दसऱ्यासाठी ते त्याच दुपारी गावी निघून गेले.

टाकीतली तेल गाळायची जाळी एका कोपऱ्यात फाटलेली होती. तेलाबरोबर कुंकवाचा चिखल आला आणि माझ्या सुळक्याखाली अडकला. मला मिटताच येईना. तेल माझ्यातून गळत राहिलं, दाब साठाच्या वर चढेना, पत्रा वाकेना.

माल शनिवारी वाशीला पोचवायचा होता. हौसेराव असते तर त्यांनी मला खोलून पुसलं असतं, दहा मिनिटांचं काम. प्रीतमने पाना घेतला आणि माझा स्क्रू आवळला. चढेना, आणखी आवळला. शेवटी स्क्रू बुडाला टेकला. तेवढ्यात तेलाच्या जोराने सुळक्याखालचा चिखल वाहून गेला, पत्रा वाकला आणि प्रीतम म्हणाला, "चला, टेन्शन गेलं." स्क्रू तसाच ठेवून त्याने वरचा नट घट्ट केला.

आता स्प्रिंग अशी दबली होती की मला उघडणंच शक्य नव्हतं. माणसं म्हणतात ना, तोंड दाबून बुक्क्यांचा मार, ते मला तेव्हा कळलं.

सोमवारी हौसेराव आले. त्या दिवशी जाड पत्रा होता. काटा दीडशेला पोचला तरी त्यांनी घाई केली नाही. मी उघडणार याची त्यांना खात्री होती. काटा पुढे गेला. एकशे ऐंशी, दोनशे दहा. त्यांनी स्विचकडे हात नेला आणि शेजारचा तेलाचा रबरी होज पाइप फुटला. गरम तेल उजव्या हातावर आलं.

मी जागेवरच होतो, आणि मला काही करता आलं नाही. यापेक्षा वाईट मला काही आठवत नाही.

पाच आठवड्यांनी ते सामान न्यायला आले. हाताची तीन बोटं वळत नव्हती. तरी डाव्या हाताने त्यांनी मला खोललं. स्क्रू शेवटपर्यंत आवळलेला दिसला. स्प्रिंगच्या वेढ्यात लाल चिखल दिसला. त्यांनी तो बोटावर घेतला, चोळला आणि त्यांना सगळं समजलं.

मालतीबाई समोरच उभ्या होत्या. हॉस्पिटलात रोज डबा घेऊन जाणाऱ्या त्याच. "हौसेराव, मशीनला काय झाला व्हता?"

प्रीतमने मान खाली घातली.

हौसेरावांनी बोट फडक्याला पुसलं. "काय न्हाई ताई. मीच सेटिंग चुकलो. वय झालं आता."

मला तसंच बंद करून त्यांनी या खणात ठेवलं आणि गेले. मला त्यांचा राग आला. अजून येतो. आणि प्रीतमचा तर विचारूच नका, त्याला तोंड होतं.

आता माझ्या जागी नवा व्हॉल्व्ह आहे, हौसेरावांच्या जागी मारोती नावाचा माणूस. परवा मालतीबाई त्याला सांगत होत्या, "आदीचे मानसासारका करू नको हा. चांगला मानूस, पन सोताचे चुकीनं हात घालवला त्यानं."

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

मालतीबाई, येत्या शनिवारी भंगारवाला येणार आहे, हा खण त्याच्या पोत्यात रिकामा होईल. त्याआधी एकदा मला उघडा. आत काय आहे ते तुम्ही ओळखाल, दुसऱ्या कुणी सांगायला नको. तुमचा जीव तुटेल, ठाऊक आहे मला. तेवढ्यासाठीच हौसेराव गप्प राहिले. पण त्यांना आता उजव्या हाताने घास उचलता येत नाही, आणि वर तुम्ही त्यांनाच चुकलेले म्हणता.

माझं भंगार झालं तर होऊ द्या. तुम्ही तेवढा साताऱ्याला एक फोन करा.