नेयवाल्याचे दात

उस्ताद अर्दलानांच्या घरात दातांबाबत एकच नियम होता: डॉक्टरला हात लावू द्यायचा नाही. इराणातल्या इस्फहानचे नेयवाले आपली नेय, म्हणजे बोरूची बासरी, ओठांवर धरत नाहीत, वरच्या पुढच्या दोन दातांत टेकवतात आणि जिभेने वारा वळवतात. उस्तादांचं म्हणणं असं, की दातांवरचं किटण खरवडलं की नेय सैल बसते नि सूर पळतो. चाळीस वर्षं ते शिष्यांना हेच सांगत आले. त्यांची मुलगी माहरुख त्या शिष्यांत सगळ्यात गुणी. एकतीस वर्षांची झाली, पण दातांच्या डॉक्टरची पायरी चढली नव्हती. दात घासताना रक्त यायचं, ती थुंकून मोकळी व्हायची. शहाणी माणसंही कधी कधी अशी वागतात, काय बोलायचं!

एका सकाळी उस्तादांनी रोजच्यासारखा साखरेचा खडा दातांत धरून चहाचा घोट घेतला आणि कळवळले. पुढचा दात चक्क हलत होता. हिरडी दाबली तर पू आला. मग कुठला नियम नि काय! माहरुखने त्यांना गाडीत बसवलं.

डॉक्टर परवानेबाई तोंडाने फटकळ.

"किती वर्षांनी आलात, उस्ताद?"

"पहिल्यांदाच."

"वा! तहान लागल्यावर विहीर खणायला निघालात!" बाईंनी एक्स-रे समोर धरला. "आतलं हाड झिजलंय. दाताला हिरडी आणि हाड धरून ठेवतं, किटण नाही. उलट किटणानेच खाल्लं सगळं. सहा महिन्यांनी एकदा येऊन साफ करून गेला असतात, तर हे दात शेवटपर्यंत टिकले असते. आता पुढचे दोन्ही काढावे लागतील."

"नवे बसवले तर नेय वाजेल?"

"जेवता येईल नक्की. वाजेल का, ते मी कसं सांगू?"

बाई माहरुखकडे वळल्या. "तुझ्या हिरड्यांतून रक्त येतं?"

"येतं, पण दुखत नाही."

"अगं, दुखायला लागलं की उशीर झालेला असतो. बस इथे."

"गुरुवारी माझी मैफल आहे हो. पहिलीच. नंतर बघू." तिने आधारासाठी बाबांकडे पाहिलं.

"बस, पोरी," उस्ताद म्हणाले.

"बाबा, तुम्हीच तर..."

"मीच सांगितलं होतं. चुकलं माझं. बस."

घरी आल्या आल्या तिने नेय दातांना लावली. बाईंनी किटण काढल्याने दातांतल्या फटी मोकळ्या झालेल्या, नेय नेहमीच्या जागी बसेना. सूर फाटला, वारा नुसता फुसफुसत गेला. "गुरुवारी लोकांपुढे हे वाजवू?" ती ओरडली. "सगळ्यांत हसं होईल माझं!"

उस्तादांनी तिच्या हातून नेय घेतली आणि आपल्या हलत्या दाताला टेकवली. दुखण्याने डोळे मिटले, तरी फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवाच. बाबांचा सूर चुकलेला माहरुखने जन्मात ऐकला नव्हता. तिला रडू आवरेना.

"ऐकलंस?" उस्ताद म्हणाले. "तुझा सूर सरावाने महिनाभरात जागेवर येईल. माझं हे असंच राहणार."

मग त्यांनी मैफलवाल्यांना फोन लावला. मुलगी आजारी आहे असं सांगता आलं असतं. ते म्हणाले, "मी तिला दातांचं चुकीचं शिकवलं होतं. एक महिना थांबा. आणि माझे बाकीचे शिष्य तिथे असतील, त्यांनाही हे सांगा."