गंधक पोहोचेपर्यंत

उल्सानच्या तेल कारखान्यात डिझेलमधला गंधक काढणारे यंत्र उत्प्रेरकाचे नवे दाणे भरून पुन्हा सुरू व्हायचे होते. पाळीचा म्होरक्या प्यो ग्योंग-तेक. सगळे त्याला बानजांगनिम म्हणत. महिनाअखेरीस तो निवृत्त होणार होता. आपण सुरू करून दिलेले यंत्र आपल्यामागे वर्षानुवर्षे नीट चालावे, एवढीच त्याची इच्छा होती.

यंत्रासमोरच्या टेबलावर डुकराचे उकडलेले डोके, तांदळाचा थरांचा केक आणि माकगोली ही तांदळाची दारू मांडली होती. आधी नमस्कार, मग आच वाढवायची, ही तिथली रीत. कारखान्याच्या साहेबांनी दुपारची वेळ धरली होती आणि ती टळत चालली होती.

"बानजांगनिम, डोकं सकाळी हसत होतं. आता कंटाळलेलं दिसतंय," साहेब म्हणाले.

"त्यालाही तुमच्यासारखी घाई झाली असेल."

खोळंबा होता तो गंधकाचा. ताजे दाणे तसे निरुपयोगीच. उग्र वासाचे द्रव्य सोडून त्यांना आधी गंधक पाजावा लागतो. वरपासून खालपर्यंत सगळ्यांचे पोट भरले, की उरलेला गंधकवायू तळातून बाहेर येतो. त्याआधी आच वाढवली, तर गरम हायड्रोजन दाण्यांतल्या धातूला उघडे पाडतो. मग तो धातू गंधक धरत नाही आणि सगळा माल वाया जातो.

ग्योंग-तेकने तोंडावर वायुरोधक मुखवटा चढवला आणि तळाच्या तोटीवरून वायू घेतला. काचनळीतली, गंधकवायू लागला की काळवंडणारी पांढरी पूड तपकिरी झाली.

"आला. उरका नमस्कार आणि वाढवा आच," तो म्हणाला.

"थांबा ना, बानजांगनिम," युन-बी म्हणाली. ही युन-बी नवी इंजिनियर, त्याच्या मुलीच्या वयाची. "हीच रबरी नळी तुम्ही मघाशी वरच्या तोटीला लावली होती. तिथला गंधक रबरात मुरला असेल. नवी लावून बघू या का?"

"साहेब घड्याळाकडे बघतायत, पोरी."

"बघू देत. नंतर दाण्यांकडे बघत बसावं लागेल."

ग्योंग-तेकचे कान तापले. पण त्याने नळी बदलली. पूड पांढरीच राहिली.

मुखवट्याआड त्याला घाम फुटला. आच वाढवण्याचा हुकूम त्याच्या तोंडून निघालाच होता.

"साहेब, नमस्कार नंतर," तो ओरडला. "माझी चूक झाली. गंधक अजून वरच आहे."

सगळे थांबले. युन-बीने मांडून उरलेल्या केकचा तुकडा कापून त्याला दिला. "आत असेच थर तयार होतायत, गंधक आणि मॉलिब्डेनम धातूचे. डिझेलमधला गंधक काढायचं काम होतं ते या कडेला. दाण्यांतला दुसरा धातू, कोबाल्ट, तोही तिथेच बसतो."

"म्हणजे मधला भाग नुसता पोट भरायला?"

"तुम्ही तोच खाताय."

दिवस कलताना नव्या नळीने घेतलेला वायू पूड काळपट करून गेला. युन-बीने होकारार्थी मान डोलावली. मग डुकराच्या डोक्यापुढे सगळ्यांनी नमस्कार घातला आणि आच चढू लागली. यंत्र तापत असल्याचा बारीक आवाज ग्योंग-तेक बराच वेळ ऐकत उभा राहिला.

पेले भरायची वेळ आली. युन-बी माकगोलीच्या किटलीकडे वळली, तशी त्यानेच ती उचलली. डाव्या हाताने उजवे मनगट धरून, धाकट्याने थोरल्याला वाढावे तशी, त्याने तिच्या पेल्यात माकगोली ओतली.

"बानजांगनिम, हे काय? लोक हसतील."

"हसू देत," तो म्हणाला. "डोकंसुद्धा हसतंय."