सौ.ने माझा जॉब होल्डवर टाकला त्याची हकीकत

सुज्ञ वाचकहो, एका स्त्रीने एका बोटाने अवघा कारखाना कसा रोखून धरला व त्यातून तिची कीर्ती कशी दुमदुमली, याचे यथातथ्य वर्णन मी येथे करणार आहे. सदर स्त्री माझी धर्मपत्नी असल्याने अतिशयोक्तीचा संशय येणे स्वाभाविक आहे. तथापि मी लेथवर काम करणारा मनुष्य असून मापाबाहेर जाणे माझ्या अंगवळणी नाही.

आम्ही उभयता एकाच कारखान्यात आहोत. मी शाफ्टचे टर्निंग करतो, म्हणजे लोखंडी दांडे लेथवर कापून मापात आणतो. ती काचेच्या खोलीत बसून कोणत्या मशीनने कोणते काम केव्हा करावे हे संगणकावर ठरविते. त्या खुर्चीवर ती नवीनच होती. घरी ती मला ‘अहो’ म्हणते. कारखान्यात ते प्रशस्त न वाटल्याने ‘तीन नंबर मशीन’ असे संबोधते.

एके सकाळी मी पहिला शाफ्ट लेथच्या पकडीत धरतो तोच मशीनशेजारच्या पडद्यावर माझ्या जॉबसमोर, म्हणजे हातातील कामासमोर, ‘होल्ड’ अशी तांबडी अक्षरे उमटली. होल्ड पडला की त्या जॉबला कोणास हात लावता येत नाही. मी तडक काचेच्या खोलीत गेलो. ती म्हणाली की गिऱ्हाइकाने ऑर्डरीत शाफ्टवर बसणारे मोठे बेअरिंग लिहिले आहे, ड्रॉइंग मात्र लहान बेअरिंगचे आले आहे. विचारणा केली असून उत्तर येईपर्यंत जॉब सुटणार नाही. बारीक झालेला शाफ्ट पुन्हा जाड होत नसतो, हे मला मान्य करावे लागले.

इतक्यात मोठे साहेब लालबुंद होऊन आले. माल संध्याकाळी निघायचा होता. होल्ड चुकीचा ठरल्यास तिला ही खुर्ची सोडून स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत बसावे लागेल, अशी त्यांनी ताकीद दिली.

“होल्ड तुम्हीही काढू शकता, साहेब,” ती म्हणाली. “फक्त संगणक कारण विचारतो. ते तुमच्या नावावर पडेल.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते परत फिरले.

दरम्यान पॅकिंगमधील एका गृहस्थाने, ज्यास सर्वजण ‘दवंडी’ म्हणतात, माझ्या मातोश्रींना फोनवरून कळविले की सुनेने बापूचा, म्हणजे माझा, जॉब होल्डवर टाकला. मातोश्रींनी जॉब म्हणजे नोकरी असा अर्थ लावला आणि त्या फाटकाशी येऊन ठाकल्या. मी धावत बाहेर गेलो.

“तू गप्प बस,” त्या मला म्हणाल्या. “नवऱ्याच्या पोटावर पाय देते म्हणजे काय? बोलव तिला.”

ती आली. “आई, त्यांची नोकरी आहे तशीच आहे. माझीच खुर्ची जायच्या बेतात आहे,” असे म्हणून तिने सर्व वृत्तांत सांगितला. मातोश्रींचा जन्म शिवणकामात गेलेला.

“म्हणजे माप पक्कं नाही आणि हे कापायला निघालेत?” त्यांनी रखवालदाराची खुर्ची ओढून घेतली. “अडवून धर, सूनबाई. मी इथंच बसते.”

दुपारी उत्तर आले. मोठे बेअरिंगच बरोबर होते. जुने ड्रॉइंग गिऱ्हाइकाकडूनच चुकून आले होते. त्याने सुधारित ड्रॉइंग पाठवून आभार मानले व मुदतही वाढविली. साहेबांनी ते उत्तर सर्वांसमोर मोठ्याने वाचले. मग म्हणाले, “बाई, खुर्ची तुमचीच. पुन्हा असं दिसलं तर मला विचारत बसू नका, थांबवा.”

कामगारांनी टेबलांवर नटबोल्टचे लोखंडी पाने बडवून जो गजर केला, त्याने छपराचे पत्रे हादरले. होल्ड सुटला. मी नव्या मापाचा शाफ्ट उतरविला आणि बेअरिंग त्यावर असे बसले की साहेबांनीही मान डोलावली. मातोश्री मात्र दवंडीकडून सारे कळताच निघाल्या होत्या आणि वाटेत भेटेल त्यास थांबवून त्या सांगत गेल्या, “माझ्या सुनेनं कारखाना अडवला, आणि वर साहेबानं तिचीच पाठ थोपटली.”

आपण अमूल्य वेळ देऊन हे वाचलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
बापू लेथवाला