धर्मशाळेचा ओटा

रुचितानं कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. धर्मशाळेचा ओटा रिकामाच होता. तिची आई, तुळसा, रस्त्याच्या अलीकडे उन्हात उभी होती.

"आई, वर बस म्हटलं नं तुले. माणूस असल्याशिवाय दरवाजा किती उंच आहे, समजत नाही."

"दुसऱ्या कोनाले बसव."

सकाळपासून दोघी पवनीत फिरत होत्या. किल्ल्याचा दरवाजा, देवळं, घाट. नागपूरच्या एका मासिकाला गावातल्या जुन्या वास्तूंची छायाचित्रं हवी होती, आणि रुचिताची सुटी आज संपत होती. खांदा भरून आला होता, घसा कोरडा पडला होता. इतका वेळ ती सांगेल तिथे आई मुकाट्यानं उभी राहिली होती. इथेच नेमकी अडली.

"पाय दुखते म्हणत होती. मंग उन्हात कायले उभी?"

तुळसानं पदरानं मान पुसली.

"माझी माय इथलं अंगण झाडे. मी या कडेले बसून राहो. एक डाव ओट्यावर चढली, तं हाकललं मले. माय घर येईपर्यंत बोलली नाही."

या रस्त्यानं आईचा हात धरून रुचिता कितीदा नदीवर गेली होती. आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. रुचिता उगाच लेन्स पुसत राहिली.

"राहू दे," अखेर ती म्हणाली. "रिकाम्याच ओट्याचा काढते. मंग जाऊ घरी."

तुळसानं रस्ता ओलांडला. पायरीशी क्षणभर थांबली, मग गुडघ्यावर हात देऊन एकेक पायरी चढली आणि ओट्याच्या मधोमध, खांबाला टेकून बसली. ओटा उंच, तिचे पाय अधांतरी राहिले.

"लहानपनी वाटे, किती थंडगार असन हा दगड," तिनं तळवा टेकवून पाहिला. "भाजते व रुचिता."

"उतर मंग. झालं आपलं."

"फोटो काढला?"

"नाही अजून."

तुळसानं पदर डोक्यावर सारखा केला, पाठ ताठ केली.

"काढ सावकाश," ती म्हणाली. "मले घाई नाही."