थुकलेल्या बियांची बाग

"सांगतो, पन तुले पटनार नाई," निळसर नखांनी संत्रं सोलत कॉलेजचा म्हातारा शिपाई जानराव म्हणाला. "आजवर कोनालेच पटलं नाई."

वरूडचा श्रावण व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. मांडीवरच्या फडक्यात संत्र्याच्या झाडाची साल, डिंकाने चिकट झालेली. दीडशे झाडं बुंध्याशी अशीच रडत होती. हा बहार गेला की बाग सरपणाला. प्राध्यापकांना विचारायला तो सकाळच्या मोटारीने अमरावतीत उतरला, तर प्राध्यापक आत आणि दार बंद. दाराशेजारच्या फळ्यावर खडूची अक्षरं होती : 'वऱ्हाडचा आर्थिक विकास आणि महाविद्यालयाचे कर्तव्य.'

"म्हंजे माह्यासाठीच बसले म्हना."

"तुह्याचसाठी. चोपन सालापासून."

श्रावणने मान वर केली.

"त्या साली असाच एक बागवाला टोपलीभर संत्री घेऊन आला. वामनराव सर म्हनाले, आपले कार्य ज्ञान, संत्री नव्हे. बापूसाहेब सर म्हनाले, ज्ञानालाही पोट असते. पण आधी अर्ज हवा, तीन प्रतींत. बोलता बोलता दोघायनं टोपली संपवली अन् बिया थुकल्या खिडकीतून. बियायले कोंब आले, वाद चालूच. झाडं झाली, फळं धरली. आता खिडकीतून हात काढाचा, फळ तोडाचं, अन् पुढचा मुद्दा मांडाचा!"

"अन् ठराव?"

"ठराव झाला का, इथं आपोआप एवढी गोड संत्री येते, त कॉलेजनं आनखी कराचं काय?"

आत कोणीतरी टेबलावर थाप मारली. खिडकीतून खरोखरच एक हात बाहेर आला आणि फांदी चाचपू लागला.

श्रावण उठला. त्या झाडापाशी उकिडवा बसून त्याने बुंध्यावर जमिनीपासून वीतभर उंचीवर असलेल्या कलमाच्या गाठीवरून अंगठा फिरवला. गाठीखाली डिंकाची जुनी जखम भरून आली होती. तिच्यावर निळा लेप होता, अजून ओलसर. बोटाला लागलेला रंग त्याने उन्हात धरला.

"जानरावबुवा, साफ खोटं बोलून राहिले तुमी. बी थुकलं त हे कलम कसं? जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा कोनं भरला? अन् हा लेप? हाबी खिडकीतूनच थुकला का?"

जानरावने निळसर नखांचे दोन्ही हात खाकी कोटाच्या खिशात घातले.

"हात काढा बाहेर," फडकं सोडत श्रावण म्हणाला, "अन् लेपात काय काय घालता, तेवढं खरं सांगा."