दोन दिवस बंद केलेल्या गोळ्या

एलिया पाच मिनिटंही पलंगावर टेकत नव्हता. उठायचा, मोरीत जायचा, चार थेंब लघवी करून दात आवळत परत यायचा.

"आग आग होतीया ताई," तो म्हणाला.

दबोरा सकाळच्या एसटीनं शिरूरहून वरवंडला आली होती. दोन वर्षांपूर्वी तिनं या धाकट्या भावाला आपली एक किडनी दिली होती. "वन्सं, हे कायतरी लपवतायत," असा त्याच्या बायकोचा, ब्लेसीचा, फोन आला आणि ती तशीच निघाली.

"लघवी तपासली का?"

"तपासली. इन्फेक्शन हाय. अँटिबायोटिक चालू केलंय."

"आन् किडनीच्या गोळ्या?"

एलिया खिडकीबाहेर बघायला लागला. "दोन दिवस बंद ठेवल्यात. त्या गोळ्या अंगातल्या पांढऱ्या पेशींना दाबून ठेवत्यात. त्याच पेशी जंतू मारत्यात. म्हटलं, जरा मोकळ्या सोडाव्या."

दबोराचा हात नकळत पोटाच्या कडेला, टाक्यांच्या व्रणावर गेला.

"आरं, मोकळ्या सुटल्यावर त्या नुसत्या जंतूवरच जातील व्हय? माझी किडनीबी त्यांना परकीच हाय!"

हे एलियाला माहीत होतं. आग सहन होईना तेव्हा त्यानं ते मनातून बाजूला सारलं होतं.

दबोरानं पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घेऊन या." भांडगावच्या पुढं जाईपर्यंत एलियानं गाडी तीनदा थांबवायला लावली. दबोरा आधी बडबडली, मग स्वतःच गाडी थांबवायला सांगू लागली.

किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन एक पॉइंट दोनवरून दोनच्या वर गेलं होतं. सलाईनमधून औषधं दिली, बंद केलेल्या गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या. आठव्या दिवशी आकडा दीडवर आला आणि तिथंच अडला.

"इथं टिकला तरी चांगलं," डॉक्टर म्हणाले.

"ताई, तुझी किडनी मी..."

"माझी न्हाई आता. तुझी हाय, तूच सांभाळ."

असं म्हणाली खरी, पण घरी परतल्यावर ती रोज सकाळ-संध्याकाळ आठला, त्याच्या गोळ्यांच्या वेळेला, फोन करते. एलिया वैतागतो. परवा त्यानं फोन उचललाच नाही. तिसऱ्यांदा रिंग वाजून बंद झाली तेव्हा दबोरा चपला घालून दारात उभी होती. तेवढ्यात ब्लेसीचा फोन आला.

"घेतल्या वन्सं, माझ्यासमोर."

"बरं," दबोरा म्हणाली. तरी बराच वेळ ती उंबऱ्यापाशीच थांबली.